पीडीएफमधील तक्ते आणि स्क्रीन रीडर

पीडीएफ दस्तऐवजातला तक्ता अंध आणि अल्पदृष्टी वाचकांना स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या किंवा ब्रेल पट्टीवर उमटवणाऱ्या सॉफ्टवेअरने, नीट वाचता यावा यासाठी त्याची आतून केलेली मांडणी. ॲडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणले ते पान कुठल्याही संगणकावर हुबेहूब दिसावे म्हणून. त्यामुळे साध्या पीडीएफमध्ये कोणते अक्षर पानावर कुठे बसवायचे एवढीच नोंद असते. रेघा म्हणजे नुसते चित्र. डोळ्यांना तक्ता दिसतो, फाइलला तो ठाऊकच नसतो.

एक निकालपत्रक घेऊ : रोल नंबर, मराठी, गणित, विज्ञान असे चार रकाने. पंधरा नंबरचा मुलगा मराठीच्या पेपरला गैरहजर, म्हणून ती चौकट रिकामी. स्क्रीन रीडर वाचतो, ‘पंधरा, पंचावन्न, सहासष्ट’. ऐकणारा गणिताचे ५५ गुण मराठीचे समजतो. चूक झाली हे त्याला कळायला वावच नाही, आणि हाच या प्रकारातला सर्वांत वाईट भाग आहे.

यावरचा उपाय म्हणजे टॅग, म्हणजे कोणता भाग काय आहे हे सांगणाऱ्या, फाइलच्या आत लावलेल्या न दिसणाऱ्या खुणा. २००१ च्या पीडीएफ १.४ आवृत्तीपासून ते उपलब्ध आहेत. तक्ता, ओळ, शीर्षकाची चौकट (टीएच) आणि माहितीची चौकट (टीडी) हे टॅगमुळे वेगळे ओळखता येते. शीर्षक रकान्याचे की ओळीचे, हेही नोंदवता येते. मग एनव्हीडीएसारख्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये कंट्रोल आणि ऑल्ट दाबून बाणाच्या कळांनी चौकटीचौकटीतून फिरता येते, आणि ५५ च्या आधी ‘गणित’ ऐकू येते. रिकाम्या चौकटीलाही टॅग हवाच. त्यात ‘गैरहजर’ असे लिहिले तर फारच चांगले.

हे काम मूळ फाइलमध्येच करावे. वर्डमध्ये टॅब आणि स्पेस मारून जुळवलेले आकडे म्हणजे तक्ता नव्हे. खरा तक्ता घालून शीर्षकाची ओळ तशी नेमून द्यावी आणि फाइल टॅगसह पीडीएफ म्हणून सेव्ह करावी. ‘प्रिंट टू पीडीएफ’ केले की टॅग सहसा गळून पडतात. कागदी प्रत स्कॅन केली असेल तर आत अक्षरेच नसतात. आधी ओसीआर करून, म्हणजे चित्रातली अक्षरे सॉफ्टवेअरने ओळखून, मजकूर तपासावा लागतो, टॅग त्यानंतर. एकमेकांत जोडलेल्या चौकटी आणि दुमजली शीर्षके शक्यतो टाळावीत. एका गुंतागुंतीच्या तक्त्यापेक्षा दोन साधे तक्ते कानाला सोपे.

मराठीत आणखी एक अडचण आहे. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये देवनागरी आकृत्या इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेल्या असतात. पडद्यावर ‘मराठी’ दिसते, पण आत साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही अक्षरे. स्क्रीन रीडर तेच बोलतो. अशा फाइलचे टॅग कितीही अचूक असले तरी उपयोग नाही. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या पद्धतीतच, हवा. युनिकोडमध्येही ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी छापली जाते आणि साठवताना नंतर येते, म्हणून सदोष पीडीएफमधून शब्द मोडून बाहेर पडतात. परिच्छेद कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की हा दोष लगेच दिसतो.

सुगम्य, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येणाऱ्या, पीडीएफचे आंतरराष्ट्रीय मानक, पीडीएफ/यूए (आयएसओ १४२८९), २०१२ मध्ये आले. त्याच्या तपासणीसाठीच्या मॅटरहॉर्न प्रोटोकॉलमध्ये १३६ दोष नोंदवले आहेत. त्यांतील बरेच सॉफ्टवेअर शोधू शकते, काही मात्र माणसानेच पाहावे लागतात. शीर्षकाचा टॅग आहे का हे यंत्र सांगते, तो योग्य चौकटीला लागलाय का हे नाही. भारतात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने माहिती सुगम स्वरूपात देण्याचे बंधन घातले आहे. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा सर्वांना वापरता येणे हा घटनेच्या कलम २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग मानला.

फार मोठ्या तक्त्यांच्या बाबतीत पीडीएफच्या जोडीला तीच माहिती एक्सेल किंवा वेबपानाच्या रूपात द्यावी. तिथे हवा तो रकाना शोधणे, गाळणे ऐकणाऱ्याला स्वतःला करता येते.