राजापूर लोकसभा मतदारसंघ: यादीतल्या पहिल्या क्रमांकापासून नामशेष होईपर्यंत

2004 च्या निवडणुकीपर्यंत महाराष्ट्रातल्या लोकसभा मतदारसंघांची यादी तळकोकणातून सुरू व्हायची. पहिला क्रमांक राजापूरचा, दुसरा रत्नागिरीचा, तिसरा कुलाब्याचा, म्हणजे आजच्या रायगडचा. विधानसभेच्या 288 जागांच्या यादीतही पहिलं नाव सावंतवाडीचं होतं. 2009 मध्ये ही मोजणी नंदुरबारकडून सुरू झाली. सावंतवाडी 270 व्या क्रमांकावर गेली आणि राजापूर हे नाव लोकसभेच्या यादीतून पुसलं गेलं. त्याजागी 46 वा मतदारसंघ आला, रत्नागिरी-सिंधुदुर्ग. क्रमांक बदलणं ही कारकुनी बाब आहे, त्याचं कुणाला फारसं वाटायचं कारण नाही. पण दोन जिल्ह्यांच्या विधानसभेच्या अकरा जागांच्या आठ झाल्या, ही कारकुनी बाब नव्हती. ते का झालं हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

1952 च्या पहिल्या निवडणुकीत रत्नागिरी जिल्ह्याचे दोन भाग होते, रत्नागिरी उत्तर आणि रत्नागिरी दक्षिण. जिल्हा तेव्हा मंडणगडपासून थेट गोव्याच्या हद्दीपर्यंत पसरलेला. त्यातला सावंतवाडीचा भाग तर 1948 पर्यंत संस्थान होता. विलीनीकरणानंतरच तो रत्नागिरी जिल्ह्यात आला. 1957 मध्ये उत्तर-दक्षिण ही नावं जाऊन रत्नागिरी आणि राजापूर अशी नावं आली. खरं तर राजापूर हे त्या मतदारसंघाचं मध्यवर्ती गाव कधीच नव्हतं. मतदारसंघाचा मोठा भाग त्याच्या दक्षिणेला, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गात पसरलेला होता. तरी नाव राजापूरचं पडलं आणि पन्नास वर्षं टिकलं.

या नावाला देशात ओळख मिळाली ती बॅ. नाथ पै यांच्यामुळे. वेंगुर्ल्याचे नाथ पै 1957, 1962 आणि 1967 असे तीन वेळा प्रजासमाजवादी पक्षातर्फे इथून निवडून आले. मूलभूत हक्कांना कात्री लावणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असं सांगणाऱ्या गोलकनाथ खटल्याच्या निकालानंतर, घटनादुरुस्तीचा संसदेचा अधिकार पुन्हा प्रस्थापित करण्यासाठी त्यांनी मांडलेलं खासगी विधेयक संसदीय इतिहासात आजही अभ्यासलं जातं. जानेवारी 1971 मध्ये त्यांचं बेळगावला निधन झालं. त्याच वर्षी मधु दंडवते राजापुरातून निवडून गेले. ते मूळचे अहमदनगरचे, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणारे. बाहेरच्या या प्राध्यापकाला कोकणाने ओळीने पाच वेळा लोकसभेत पाठवलं, 1984 च्या काँग्रेस लाटेतसुद्धा. आठ निवडणुका आणि दोन समाजवादी खासदार, असा हा मतदारसंघ होता. 1991 मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत यांनी तो जिंकला आणि 1996 पासून 2004 पर्यंतच्या चारही निवडणुका शिवसेनेच्या सुरेश प्रभूंनी.

1977 पासून 2004 पर्यंत मतदारसंघाची हद्द जवळजवळ हलली नाही, याकडे लक्ष द्यायला हवं. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीने जागांची वाटणी 1971 च्या जनगणनेवर गोठवली. महाराष्ट्रात लोकसभेच्या 48 आणि विधानसभेच्या 288 जागा तेव्हापासूनच्या. 1 मे 1981 रोजी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा निघाला, कचेऱ्या ओरोसला गेल्या, पण मतदारसंघाच्या रेषा होत्या तिथेच राहिल्या. रत्नागिरीत सात जागा: दापोली, खेड, गुहागर, चिपळूण, संगमेश्वर, रत्नागिरी, राजापूर. सिंधुदुर्गात चार: देवगड, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी.

रेषा थांबल्या, माणसं थांबली नाहीत. कोकणातला तरुण आधी गिरणगावात गेला, मग गिरण्या बंद पडल्यावर त्याची पुढची पिढी डोंबिवली, ठाणे, नालासोपारा, विरारला स्थिरावली. गावाकडे मनीऑर्डर यायची, चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, पण जनगणनेच्या वहीत त्याची नोंद मुंबईकडे व्हायची. 2001 च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1136 स्त्रिया होत्या आणि सिंधुदुर्गात 1079. गावात कोण उरलं होतं, हे त्या दोन आकड्यांवरूनच कळतं.

2002 च्या कायद्यानुसार न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली सीमांकन आयोग नेमला गेला. राज्याच्या एकूण जागा तशाच ठेवायच्या, पण राज्याच्या आत त्या 2001 च्या लोकसंख्येनुसार नव्याने वाटायच्या, असं त्याचं काम होतं. हिशेब अगदी सरळ होता. 9.69 कोटी लोकसंख्या भागिले 288, म्हणजे एका आमदारामागे सुमारे 3.36 लाख माणसं. सिंधुदुर्गाची लोकसंख्या 8.69 लाख, म्हणजे अडीच जागांच्या किंचित वर, मिळाल्या तीन. रत्नागिरीची 16.97 लाख, मिळाल्या पाच. तिकडे ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या 81 लाखांवर गेली होती. त्याच्या 13 जागांच्या 24 झाल्या. कोकणातून गेलेल्या जागा कुठे गेल्या, असं कुणी विचारलं की माझं उत्तर असतं: जिकडे आपली माणसं गेली तिकडेच. ठाणे आणि मुंबई उपनगरातल्या त्या वाढीव मतदारसंघांत मालवणी आणि संगमेश्वरी बोलणारी लाखभर घरं सहज सापडतील.

लोकसभेचं गणित यातूनच पुढे सरकलं. महाराष्ट्रात विधानसभेच्या सहा जागा मिळून लोकसभेची एक होते. अकरा जागा असताना दोन लोकसभा मतदारसंघांना एकच कमी पडत होती. आठ झाल्यावर सहा जागांचा एक मतदारसंघ बनला: चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ, सावंतवाडी. उरल्या दापोली आणि गुहागर. त्या उत्तरेकडे ढकलून पेण, अलिबाग, श्रीवर्धन आणि महाडला जोडल्या आणि कुलाब्याचा रायगड मतदारसंघ झाला. मग रायगड जिल्ह्याच्या पनवेल, कर्जत आणि उरण या तीन जागा उरल्या. त्या घाट चढून मावळ, चिंचवड आणि पिंपरीबरोबर गेल्या. दक्षिणेत तीन जागा कमी झाल्या आणि त्याचा धक्का पार पुणे जिल्ह्यापर्यंत पोचला.

सगळ्यात जास्त ओढाताण झाली ती खेडची. खेड मतदारसंघच उरला नाही. तालुक्याचा एक भाग दापोलीत गेला, दुसरा गुहागरात. तहसीलदार एक, पंचायत समिती एक, बाजार एक. आमदार मात्र गाव कुठल्या बाजूला पडलं त्यावर. राजकारणावर त्याचा परिणाम पहिल्याच निवडणुकीत दिसला. शिवसेनेचे रामदास कदम 1990 पासून सलग चार वेळा खेडचे आमदार आणि त्या वेळी विधानसभेतले विरोधी पक्षनेते होते. जागा गेल्याने ते 2009 मध्ये गुहागरला आले. पण गुहागर ही शिवसेना-भाजप युतीत भाजपची जागा, डॉ. श्रीधर नातू आणि पुढे डॉ. विनय नातू यांनी बांधलेली. विनय नातूंनी बंडखोरी केली, युतीची मतं फुटली आणि राष्ट्रवादीचे भास्कर जाधव निवडून आले. तेही पूर्वी चिपळूणचे आमदार होते. विरोधी पक्षनेत्याचा पराभव झाला आणि त्याची सुरुवात सीमांकनाच्या नकाशावरून झाली होती.

संगमेश्वरचंही तसंच. तालुका वाटला गेला, नाव कागदावरून गेलं. लोकांनी मात्र ते सोडलेलं नाही. कार्यकर्ते आजही ‘चिपळूण-संगमेश्वर’च म्हणतात, जसं ‘दापोली-खेड-मंडणगड’ किंवा ‘राजापूर-लांजा’.

सिंधुदुर्गातला बदल मला अधिक बोलका वाटतो. देवगड, मालवण, वेंगुर्ले ही तिन्ही जुनी बंदरं. मुंबईची बोट लागायची तेव्हा जिल्ह्याचा व्यवहार याच धक्क्यांवरून चालायचा. नव्या नकाशात ही तिन्ही नावं गेली. देवगड आणि वैभववाडी कणकवलीत आली, मालवण कुडाळात, वेंगुर्ले आणि दोडामार्ग सावंतवाडीत. कणकवली आणि कुडाळ ही महामार्गावरची आणि कोकण रेल्वेवरची गावं. व्यवहार किनाऱ्यावरून हमरस्त्यावर आला होता, मतदारसंघांची नावं त्याच्यामागून आली. मालवणातून निवडून येऊन 1999 मध्ये मुख्यमंत्री झालेले नारायण राणे 2009 ला कुडाळचे उमेदवार झाले, ते याच कारणाने.

नव्या लोकसभा मतदारसंघाची पहिली निवडणूक 2009 मध्ये नीलेश राणे यांनी सुरेश प्रभूंना हरवून जिंकली. 2014 आणि 2019 मध्ये शिवसेनेचे विनायक राऊत, तर 2024 मध्ये राऊत यांचा सुमारे 48 हजार मतांनी पराभव करून भाजपचे नारायण राणे लोकसभेत गेले. रत्नागिरीचे खासदार अनंत गीते रायगडला गेले. 2014 मध्ये तिथे ते सुनील तटकरे यांच्याविरुद्ध अवघ्या 2,110 मतांनी तरले.

आयोगाचं गणित चुकलं असं मला म्हणायचं नाही. एका मताची किंमत सगळीकडे सारखी असायला हवी, आणि तीस वर्षं ठाण्याच्या मतदारावर अन्यायच झाला होता. पण डोंगर, खाड्या आणि विखुरलेल्या वाड्या यांचं ओझं लोकसंख्येच्या भागाकारात पुरेसं उतरत नाही. दापोली आणि गुहागर यांच्यामध्ये वाशिष्ठीची खाडी आहे. दाभोळ-धोपावे फेरीबोटीने ती ओलांडायची नाहीतर चिपळूणवरून लांबचा वळसा घ्यायचा. या दोन्ही तालुक्यांचा खासदार तोच, जो पेणच्या गणपतीवाल्यांचा आणि अलिबागच्या मच्छीमारांचा. आपलं गाऱ्हाणं घेऊन त्याच्यापर्यंत पोचायला गुहागरच्या माणसाचा अख्खा दिवस मोडतो.

पुढची फेरी याहून कठीण दिसते. 2001 ते 2011 या दहा वर्षांत रत्नागिरीची लोकसंख्या 16.97 लाखांवरून 16.15 लाखांवर आली आणि सिंधुदुर्गाची 8.69 वरून 8.50 लाखांवर. राज्य मात्र 11.24 कोटींवर पोचलं. 288 च जागा धरल्या तर एका आमदारामागे 3.90 लाख माणसं येतात. त्या मापाने सिंधुदुर्गाच्या वाट्याला दोनच्या थोडं वर आणि रत्नागिरीच्या वाट्याला चारच्या थोडं वर जागा पडतात, म्हणजे आठाच्या सहा. 84 व्या घटनादुरुस्तीने पुढचं फेरवाटप 2026 नंतरच्या पहिल्या जनगणनेवर सोपवलं आहे. एकूण जागा वाढल्या तर हा हिशेब सैल होईल, नाहीतर कणकवली आणि कुडाळच्या मधली रेषाही पुन्हा पुसावी लागेल. सीमांकनाचा अंतिम आदेश निघाला की घटनेच्या 329 व्या कलमामुळे मतदारसंघाच्या रेषेला न्यायालयात आव्हान देण्याला फार थोडा वाव उरतो. मसुदा प्रसिद्ध होतो तेव्हा मात्र हरकती मागवल्या जातात आणि जाहीर सुनावणीही होते. कुठलं महसूल मंडळ कुठे जावं, खाडीच्या कुठल्या काठाला कुठला तालुका जोडावा, हे पुराव्यानिशी सांगायची संधी तेव्हाच असते. त्या तारखेला हजर राहायची तयारी खेड, संगमेश्वर, देवगडच्या ग्रामपंचायतींनी आतापासून करायला हवी.