विलापस्तोत्र आणि भरवशाचं स्तोत्र: दुःखाच्या घरी कोणतं उघडायचं?

खानदेशात कुणाच्या घरी मयत झालं की ख्रिस्ती मंडळीतली माणसं सांत्वनाला दारावर जातात. पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, उघडलं की बहुतेक वेळा त्यातल्या स्तोत्रांच्या पुस्तकातलं एकच पान निघतं, स्तोत्र 23. नवापूर-विसरवाडीकडची आदिवासी मंडळी असो, अमळनेर-धुळ्याकडचं चर्च असो की भुसावळचं रेल्वेवाल्यांचं, 'परमेश्वर माझा मेंढपाळ आहे' हे लेकरांनाही पाठ असतं. या स्तोत्राने कितीतरी पिढ्यांना धीर दिला आहे. पण तरुण मुलगा गेलेल्या आईपुढे ते पहिल्याच दिवशी वाचायचं आणि लगेच म्हणायचं, 'रडू नको माय, विश्वास ठेव', हे मला पटत नाही. तिच्यासाठी त्याच पुस्तकात दुसरी स्तोत्रं आहेत. ती आपण उघडत नाही, कारण 'सांत्वनाची स्तोत्रं' म्हणून आपण सगळी एकाच गठ्ठ्यात बांधून ठेवली आहेत.

150 स्तोत्रांपैकी जवळजवळ तिसरा हिस्सा विलापाचा आहे. 13, 22, 42, 88, 102, 130, 142 ही त्यातली काही. भरवशाची स्तोत्रं त्या मानाने थोडी आहेत: 11, 16, 23, 62, 121, 131. दोन्हींत संकट असतं, दोन्हींत देवाचं नाव असतं, त्यामुळे ती सारखी वाटतात. फरक असतो बोलणारा कुठे उभा आहे यात. भरवशाच्या स्तोत्रात त्याचं मन आधीच ठरलेलं असतं. स्तोत्र 23 मध्ये मृत्युच्छायेची दरी आहे, पाचव्या वचनात, म्हणजे ओवीत, शत्रूही समोर आहेत, पण सुटकेची एकही मागणी नाही. विलापस्तोत्रात मन अजून ठरायचं असतं. तिथे गाऱ्हाणं आहे, मागणी आहे आणि देवाला थेट सवाल आहे.

स्तोत्र 13 घ्या. जेमतेम सहा वचनं. पहिल्या दोन वचनांत दावीद राजा चार वेळा विचारतो, 'कोठवर?' देव मला विसरला का, त्याने तोंड लपवलं का, रोजचं हे दुःख किती दिवस, शत्रू माझ्यावर कुठवर वरचढ राहणार. मग मागणी येते: माझ्या डोळ्यांना प्रकाश दे, नाहीतर मी मरेन. आणि पाचव्या वचनात एकदम 'पण मी तुझ्या दयेवर भरवसा ठेवला आहे'. मध्ये काय घडलं? शत्रू पडला असं लिहिलेलं नाही, दुखणं बरं झालं असंही नाही. चौथ्या आणि पाचव्या वचनामध्ये किती दिवस गेले हेही शास्त्र सांगत नाही. वाचायला ते अर्धं मिनिट लागतं. जगताना तिथे वर्ष जाऊ शकतं, आणि दारावर आलेल्या माणसाने ते वर्ष घाईने उरकून टाकू नये.

स्तोत्र 88 मध्ये तर असं वळणच नाही. ते अंधारावर संपतं. गाणारा रोज सकाळी प्रार्थना करतो, उत्तर मिळत नाही, आणि स्तोत्र तिथेच थांबतं. ज्यांनी हा संग्रह राखला त्यांनी शेवटी एखादं बरं वाटेल असं वचन जोडलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. ज्या बाईला महिनोन्‌महिने प्रार्थनेत काहीच जाणवत नाही, तिची जागाही पवित्र शास्त्रात आहे.

काहींना विलाप म्हणजे अविश्वास वाटतो. त्यांनी बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा 14 वा अध्याय वाचावा. तिथे इस्राएल लोक रात्रभर रडतात, आपले पुढारी मोशे आणि अहरोन यांच्यावर कुरकुर करतात, मिसरात परत जायला दुसरा पुढारी नेमू म्हणतात. ती कुरकुर देवाविषयी आहे, पण कुरकुर करणाऱ्यांपैकी देवाकडे तोंड करून कुणीच बोलत नाही. विलापस्तोत्र नेमकं देवाशीच बोलतं. स्तोत्र 102 च्या शिरोभागी स्पष्ट लिहिलंय की ही गांजलेल्या माणसाची प्रार्थना आहे, तो परमेश्वरापुढे आपलं गाऱ्हाणं ओततो. तक्रार तीच, पण ती कुणाजवळ नेली यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्याकडच्या बाया गेलेल्या माणसाचं एकेक आठवून, हेल काढून रडतात. मंडळीतले काही वडीलधारे त्यांना लगेच गप्प करतात, ख्रिस्ती घरात असं शोभत नाही म्हणतात. पण मेलेल्या मित्राला, लाजराला, आपण उठवणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला (योहान 11:35). वधस्तंभावर तो स्तोत्र 22 च्या पहिल्या ओळीने ओरडला, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' आणि त्याच वधस्तंभावर, शुभवर्तमान लिहिणारा लूक सांगतो तसं, स्तोत्र 31 मधल्या शब्दांनी त्याने आपला आत्मा पित्याच्या हाती सोपवला. विलाप आणि भरवसा एकाच तोंडून निघाले. विलाप त्याने गिळून टाकला नाही.

ज्या शांतीचं वचन आपण सगळे देतो तिथेही हाच क्रम आहे. प्रेषित पौलाच्या फिलिप्पै येथल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रातली (4:7) बुद्धीपलीकडची शांती भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापलेली असते. तिच्या आधीचं सहावं वचन सांगतं की प्रार्थना आणि विनंती करून आपली मागणी देवाला कळवा. हे लिहिताना पौल स्वतः कैदेत होता. म्हणून दुःखाच्या घरी आधी विनंतीला जागा द्यावी. बायबलमधल्या, लेकरंबाळं गमावलेल्या ईयोबाचे मित्रही सात दिवस-रात्र त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले होते. त्यांचं बिघडलं ते बोलायला लागल्यावर.

मग भरवशाचं स्तोत्र कधी? ऑपरेशनच्या आधी, दवाखान्याच्या व्हरांड्यात, पोरगं कामासाठी सुरतेला निघताना. तेव्हा 121 वाचावं, 'माझे साहाय्य परमेश्वरापासून येते'. भरल्या वयात, समाधानाने जात असलेल्या आजीच्या उशाशी 23 वाचावं, तिला स्वतःलाच ते म्हणायचं असतं. भीती पुढच्या गोष्टीची असते तेव्हा ही स्तोत्रं धरून ठेवतात. घाव बसून गेलेला असतो तेव्हा आधी विलाप. विलापातही निवड करावी: 69 आणि 109 मध्ये शत्रूला शाप आहेत, ती दारावर वाचायची नव्हेत. अगदी पहिल्या दिवशी 13 किंवा 142, हळू आवाजात, आणि नंतर भाष्य न करता गप्प बसावं.

एका घरात बापाचं मन ठरलेलं असतं आणि आईचं नसतं, असंही होतं. तेव्हा मी 27 उघडतो. त्यात पहिली सहा वचनं पूर्ण भरवशाची आहेत आणि सातव्यापासून हाक सुरू होते, 'तुझे मुख माझ्यापासून लपवू नको'. पहिला भाग बापाला वाचायला सांगायचा, पुढचा आईला. तिला वाचवत नसेल तर शेजारी बसलेल्या बहिणीने तिच्यासाठी वाचावा.