लहानपणी पेनिसिलिन ‘सोसलं नाही’, म्हणून जन्मभर बंद?

“मला पेनिसिलिन चालत नाही, लहानपणी अंगावर पुरळ उठलं होतं.” दवाखान्यात हे वाक्य नेहमी ऐकू येतं. एकदाची अ‍ॅलर्जी ती कायमची, असं घरोघरी मानलं जातं. ते खरं नाही.

अमेरिकेत साधारण १० टक्के लोक पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्याचं सांगतात. तपासणी केली की त्यांतल्या बहुतेकांना, १० पैकी ९ जणांना, हे औषध चालतं. मुलांना तापात उठणारं पुरळ पुष्कळदा विषाणूमुळे असतं. नेमकं तेव्हाच अमॉक्सिसिलिन (पेनिसिलिनच्याच गटातलं औषध) चालू असतं आणि दोष त्याच्यावर जातो. नुसती मळमळ किंवा जुलाब ही तर अ‍ॅलर्जी नव्हेच. शिवाय खरी अ‍ॅलर्जीही ओसरते, १० वर्षांत सुमारे ८० टक्के लोकांची.

मला काळजी वाटते ती ‘पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी’ या शिक्क्याची. तो बसला की साध्या घशाच्या संसर्गालाही दुसरी, जास्त जंतूंवर मारा करणारी औषधं द्यावी लागतात, आणि जंतू औषधांना दाद देईनासे होण्याचा धोका वाढतो.

पण म्हणून घरी स्वतःच गोळी घेऊन बघू नका. पूर्वी तासाभरात गांधी उठल्या, ओठ सुजले, धाप लागली असेल, तर तपासणीशिवाय पेनिसिलिन नकोच. कातडी सोलली गेली असेल, तर चाचणीसुद्धा नको. डॉक्टरांना नेमकं सांगा: कोणतं औषध, किती वर्षांपूर्वी, किती वेळानं, काय झालं. त्यावरून ते त्वचेची चाचणी करायची की देखरेखीखाली डोस द्यायचा, हे ठरवतात. आणि आत्ता गोळी घेतल्यावर श्वास अडू लागला, तर लगेच १०८ ला फोन करा.