ओसरलेले क्रीडावैभव (काव्यविषय)

शाळेच्या संघात गाजलेला आणि पुढे चारचौघांत विरून गेलेला खेळाडू हा विसाव्या शतकातील अमेरिकन कवितेचा एक लक्षणीय विषय. अमेरिकेतील लहान गावांत हायस्कूलचा संघ हा गावाचाच संघ असतो. सामन्याला गाव लोटते आणि सतरा-अठरा वर्षांचा मुलगा साऱ्यांच्या तोंडी होतो. त्यांतल्या फार थोड्यांना पुढे खेळावर पोट भरता येते. बाकीच्यांची कीर्ती शाळेबरोबर संपते. आयुष्य मात्र तेव्हा कुठे सुरू व्हायचे असते.

ग्रीक कवी पिंडर (इ. स. पू. पाचवे शतक) याने ऑलिंपियासारख्या स्पर्धांतील विजेत्यांची स्तोत्रे रचली, त्यांचा रोख विजयाच्या क्षणावर असतो. त्यानंतरच्या काळाची धास्ती इंग्रज कवी ए. ई. हाउसमन याच्या १८९६ मधील ‘टू ॲन ॲथलीट डाइंग यंग’ या कवितेत दिसते. शर्यत जिंकलेल्या तरुणाला गावाने खांद्यावर मिरवले होते. अकाली मेल्यावर त्याला पुन्हा खांद्यावरच नेले जाते. आपला विक्रम मोडलेला पाहणे त्याच्या वाट्याला येत नाही, म्हणून कवी त्याला शहाणा म्हणतो.

अमेरिकन लेखक जॉन अपडाइक (१९३२–२००९) याच्या ‘एक्स-बास्केटबॉल प्लेअर’मधला फ्लिक वेब मात्र जगतो. १९५७ साली ‘द न्यूयॉर्कर’ या साप्ताहिकात आलेली ही कविता सहा-सहा ओळींच्या पाच निर्यमक कडव्यांची आहे. सुरुवातीलाच हायस्कूलवरून जाणारा एक रस्ता येतो आणि कुठे पोहोचण्याआधीच तुटतो. फ्लिकची गोष्ट तिथेच सांगून झालेली असते. १९४६ मध्ये त्याने ३९० गुण केले. तो कौंटीचा (जिल्ह्याचा) विक्रम कवितेच्या काळापर्यंत मोडलेला नाही. घरच्या एका सामन्यात त्याने ३८ किंवा ४० गुण केल्याचे निवेदकाने पाहिले आहे. लांबून केलेल्या बास्केटला तीन गुण देणारी रेषा त्या काळी नव्हती, हे लक्षात घेतले की या आकड्याचे वजन कळते.

आता तो पेट्रोल भरतो, ऑइल तपासतो, चाके बदलतो. पंपांची रांगही संघासारखी पाच-पाचांची. रबरी नळ्या हातांसारख्या लोंबणाऱ्या. कधी गंमत म्हणून तो ट्यूब चेंडूसारखी टप्पे देत नेतो. लोक त्याला विसरलेले नाहीत. कवितेचे दुःख विस्मृतीचे नाही, हे अनेकदा नजरेतून सुटते. ते हातांचे दुःख आहे: बोटांतली नजाकत शाबूत आहे, पण पान्याला तिचे काहीच नाही. शेवटी उपाहारगृहात तो मालकिणीशी क्वचितच बोलतो. तिच्यामागे रचलेल्या गोळ्या-चॉकलेटांच्या रांगांकडे पाहून मान हलवतो, जणू तिथून टाळ्या पडत आहेत. ही कल्पना करुण आहे, पण अपडाइक तिच्यात कणभरही कीव मिसळत नाही. ‘रॅबिट, रन’ (१९६०) या कादंबरीतही त्याचा नायक माजी शालेय बास्केटबॉलपटूच आहे.

अमेरिकन कवी जेम्स राइटच्या १९६३ च्या संग्रहातील ‘ऑटम बिगिन्स इन मार्टिन्स फेरी, ओहायो’ ही कविता याच विषयाला बापांच्या बाजूने भिडते. भट्टीवर राबणारे, बिअरचा ग्लास पुरवून पुरवून पिणारे, रात्रपाळीचा पहारा करणारे हे पुरुष वीरांची स्वप्ने पाहतात. घरी जायची त्यांना लाज वाटते. आणि ऑक्टोबर लागताच त्यांची मुले अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर एकमेकांच्या अंगावर बेभान धडकू लागतात.