रस्ता रुंद केला की कोंडी सुटते?

रस्ता रुंद केला की वाहतूक कोंडी सुटते, हा समज इतका जुना आणि सोयीचा आहे की त्याची शहानिशा करण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. पाइप मोठा केला की पाणी तुंबत नाही, असा त्यामागचा हिशेब असतो. वाहनांची संख्या मात्र ठरलेली नसते. रस्ता मोकळा दिसताच, कोंडीच्या धास्तीने सकाळी सातलाच निघणारा माणूस नऊला निघू लागतो, बसने जाणारा मोटार बाहेर काढतो आणि लांबच्या वस्तीतले घरही जवळ वाटू लागते. अमेरिकेतील ह्यूस्टनचा केटी फ्रीवे हा महामार्ग २००८ पर्यंत रुंद झाला, बाजूचे रस्ते धरून काही ठिकाणी २६ मार्गिकांचा झाला, आणि तरीही काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबला.

मात्र बस आणि मेट्रो वाढवल्या की कोंडी आपोआप संपेल, हेही अर्धसत्यच आहे. ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांच्या २०११ च्या अभ्यासात अमेरिकी शहरांतील वाहनांची धाव, म्हणजे त्यांनी कापलेले एकूण अंतर, महामार्गांच्या वाढीच्या जवळपास प्रमाणात वाढलेली दिसली, पण सार्वजनिक वाहतुकीमुळे ती घटलेली दिसली नाही, कारण एकाने रिकामी केलेली जागा दुसरा भरतो. (सार्वजनिक वाहतुकीच्या समर्थकांना, माझ्यासकट, हे रुचत नाही.) बसचा खरा लाभ वेगळा आहे: पन्नास माणसे एका बसमध्ये मावतात, मोटारींनी तीच माणसे नेण्यास तीसहून अधिक गाड्या लागतात, आणि स्वतंत्र मार्गिका असेल तर बस कोंडीत अडकतही नाही. मोटारींची संख्या प्रत्यक्ष घटली ती स्टॉकहोममध्ये, जिथे २००६ साली शहरप्रवेशावर शुल्क लागताच त्या हद्दीवरची वाहतूक सुमारे एक पंचमांशाने उतरली.