व्हॅलिस्नेरिया

गोड्या पाण्यात बुडून वाढणारी, फितीसारख्या लांब पानांची एकदलिकित वनस्पती. कुल हायड्रोकॅरिटेसी, शाळेतल्या प्रयोगात फुगे सोडणारी हायड्रिला याच कुलातली. इटालियन वैद्य व निसर्ग-अभ्यासक आंतोनिओ व्हॅलिस्नेरी (१६६१–१७३०) यांच्यावरून हिचे नाव पडले. ‘स्पायरॅलिस’ या जातीचे नाव मात्र मादी फुलाच्या देठावरून आले आहे. नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बारीक नर फुले पाण्याखाली सुटतात, वर येऊन उमलतात आणि तरंगत मादी फुलाला जाऊन टेकतात. फलन झाले की मादी फुलाचा देठ स्प्रिंगसारखा वळतो आणि फळाला खाली ओढून घेतो. घरच्या मत्स्यालयाच्या टाकीत हे क्वचितच पाहायला मिळते, कारण तिथे वाढ जवळजवळ सगळी धावत्या खोडावरच, म्हणजे वाळूवरून आडव्या पसरणाऱ्या खोडावर, होते.

मत्स्यालयाच्या इतिहासात हिचा मान मोठा आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया एकत्र ठेवण्याचा प्रयोग १८५० मध्ये मांडला. सुरुवातीला जुनी पाने कुजून पाणी गढूळ झाले. कुजका भाग खाणाऱ्या गोगलगायी सोडल्यावर ते निवळले. सडलेले पान हीच आजही या झाडाची पहिली तक्रार असते.

दुकानातून जुडी आणली की बुंध्याची शिशाची पट्टी सोडावी, मऊ पडलेली पाने कापावीत, मुळे दोन बोटांएवढी ठेवावीत. वाळू बादलीत घोळून नितळ पाणी येईपर्यंत धुवावी. लावताना मुळे वाळूत आणि पांढरट गाभा (मुळे व पाने जिथे जुळतात तो भाग) वाळूच्या वर, हे पक्के. गाभा गाडला की झाड हमखास कुजते. पहिल्या दोन आठवड्यांत बाहेरची पाने वितळतात, म्हणजे मऊ पडून गळतात. इथे बहुतेक जण घाबरून झाड उपटतात, पुन्हा लावतात, खत ओततात. गाभा घट्ट आणि पांढरा असेल तर काही करू नये. मधून पोपटी टोक वर येते. मग आडवी धावती खोडे सुटतात, त्यांवर थोड्या थोड्या अंतरावर पिल्ले (नवी रोपे) धरतात. पिल्लाला चार-पाच पाने व स्वतःची मुळे आली की मधले दोऱ्यासारखे खोड कापून ते वेगळे लावता येते.

दख्खनच्या बोअरचे जड (क्षारयुक्त) पाणी हिला मानवते, कारण ती पाण्यातल्या बायकार्बोनेट क्षारांमधूनही कार्बन घेऊ शकते. त्यामुळे कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर हिच्यासाठी चैन ठरते. ‘लिक्विड कार्बन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्लुटाराल्डिहाइड या जंतुनाशक रसायनाच्या बाटलीने तर पाने अनेकदा वितळतात. उजेड दिवसाला सहा ते आठ तास पुरे. टाकी उन्हाच्या खिडकीत ठेवली तर आधी शेवाळ माजते. नवी पाने पिवळट पडली तर बहुधा लोह कमी पडलेले असते. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांच्या वर गेले की त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि रात्री झाडेही तोच वापरतात. म्हणून दाट लावलेल्या टाकीत रात्री हवेचा पंप चालू ठेवावा. पान लांबले म्हणून मधोमध कापू नये. कापलेले टोक तपकिरी पडते; लांब पान बुंध्यापाशीच काढावे.