वाढदिवसाचा खाऊ शाळेबाहेर कसा गेला

मुंबईतल्या अनेक शाळांच्या जूनमधल्या सूचनांत आता ‘वाढदिवसाला खाऊ आणू नये’ हे वाक्य ठरलेलं असतं. पालकांच्या ग्रुपवर त्यावरून दर वर्षी वाद होतो.

वाढदिवस शाळेत साजरा करणं फार जुनं नाही. औक्षण घरी व्हायचं, तेही पुष्कळदा तिथीने. कित्येकांची जन्मतारीख तर गुरुजींनी दाखल्यावर १ जून लिहून टाकलेली, आणि त्या दिवशी शाळेला सुट्टी.

प्रथा पक्की झाली ऐंशी-नव्वदच्या दशकांत. गणवेशांच्या गर्दीत एकच रंगीत फ्रॉक. बाईंची परवानगी घ्यायची, एक मैत्रीण निवडायची आणि स्टीलचा डबा घेऊन बाकांमधून फिरायचं. डब्यात रावळगावच्या गोळ्या, किसमी नाहीतर मेलडी. प्रत्येकीला एक, खास मैत्रिणीला दोन, बाईंना मूठभर. मग दुसऱ्या वर्गांत, शिक्षकांच्या खोलीत. गोड गोळीपेक्षा या फेरीचं अप्रूप जास्त होतं, हे निर्णय घेणाऱ्यांच्या लक्षात राहायला हवं होतं.

पुढे गोळ्यांच्या जागी केक, वेफर्सची पाकिटं, रिटर्न गिफ्ट आली. केकबरोबर ‘यात अंडं आहे का?’ हा प्रश्नही आला, आणि जैन मुलं वाटलेला तुकडा तसाच हातात धरून बसू लागली. ज्यांच्या घरी हा खर्च झेपत नव्हता, ती मुलं त्या दिवशी शाळेलाच येईनात.

खाऊबंदीसाठी शाळा सरकारी नियमांकडे बोट दाखवतात. ते नियम मात्र वाढदिवसासाठी झालेच नव्हते. २०१७ मध्ये राज्याने शाळांच्या कँटीनमधून जंक फूड हद्दपार केलं. २०२० मध्ये केंद्राचे नियम आले आणि १ जुलै २०२१ पासून लागू झाले: जादा साखर, मीठ किंवा संपृक्त मेद असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत मुलांना विकायचे नाहीत. वादाचं मूळ ‘विकणे’ या शब्दात आहे. पालक म्हणतात, आम्ही विकत नाही, वाटतो. पण नियमांत ‘मोफत विक्री’ असाही शब्दप्रयोग आहे. फुकट विकायचं म्हणजे काय? त्याचा सरळ रोख नमुने वाटणाऱ्या कंपन्यांकडे दिसतो. आईने भरून दिलेला डबा त्यात ओढणं हा ओढूनताणून लावलेला अर्थ आहे. शाळेला खाऊ बंद करायचा असेल तर तिने तो स्वतःच्या अधिकारात करावा, नियमाच्या आडून नव्हे.

प्रत्यक्षात प्रथा मोडली ती कोविडने. ऑक्टोबर २०२१ मध्ये आठवीपासूनचे आणि डिसेंबरमध्ये लहानांचे वर्ग उघडले, तेव्हा डबा वाटून खायलाही मनाई होती. नंतर डबे पुन्हा एकत्र उघडले. वाढदिवसाचा खाऊ बऱ्याच ठिकाणी परतला नाही.

गंमत अशी की, त्याच वर्षी माध्यान्ह भोजनाची योजना नव्या नावाने आली आणि तिच्यात तिथीभोजनाला उत्तेजन दिलं गेलं. वाढदिवसासारख्या निमित्ताने गावाने, समाजाने मुलांना जेवू घालायचं. महाराष्ट्रात त्याला स्नेहभोजन म्हणतात. म्हणजे अनुदानित शाळेत वाढदिवसाचं जेवण चालतं आणि शेजारच्या खासगी शाळेत चॉकलेट चालत नाही.

२०२५ मध्ये एका केंद्रीय मंडळाने आपल्या शाळांना साखरेचं प्रमाण दाखवणारे फलक लावायला सांगितले, तेव्हापासून खाऊबंदीला आणखी बळ मिळालं. पर्याय म्हणून कुठे रोप आणतात, कुठे वर्गाच्या कपाटासाठी पुस्तक. काही बाई ते पुस्तक थेट कपाटात ठेवत नाहीत. पहिल्या पानावर मुलाचं नाव लिहितात आणि त्याला एक मित्र निवडायला सांगून ते दाखवत बाकांमधून फिरायला पाठवतात.